वाणात दिलेली लिली

ही गोष्ट २०३९ सालची. मी तेव्हा बहात्तर वर्षांची होते. ओतूरला आमच्या घराच्या परसात माझी छोटी रोपवाटिका होती. पाच गुंठे जागा, त्यातल्या दीड गुंठ्यावर बारीक जाळी. पाटीबिटी काही नव्हती. ज्याला रोप हवं असेल तो फाटकाची कडी वाजवायचा आणि मी हाताची माती झटकत बाहेर यायचे.

रोपवाटिका फक्त डे-लिलीची. नावात लिली असली तरी ती खरी लिली नव्हे. गवतासारखी लांब पानं, मधून हातभर दांडा, त्यावर दहा-बारा कळ्या. सकाळी एक कळी उमलते आणि संध्याकाळी कायमची मिटते. उद्या दुसरी. माझे यजमान, दिनकर राऊत, कृषी महाविद्यालयाच्या बागेवर देखरेखीला होते. १९९६ साली त्यांनी बंगळूरहून पाच रोपं आणली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सगळा प्रवासभर मांडीवर धरून. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "काय साहेब, कांद्याची पात का?" ह्यांनी हो म्हणून सांगितलं. फुलझाड म्हटलं असतं तर तो हसला असता.

त्या पाच रोपांची मुळं फोडून फोडून आम्ही शेकडो रोपं केली. म्हणजे आमच्याकडची सगळी जुनी रोपं त्या पाचांचेच तुकडे होते, बियांपासून झालेली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे घात झाला तो तिथेच.

नवी जात मात्र बियांपासूनच करावी लागते. सकाळी सात ते नऊच्या मध्ये एका फुलातले पराग चिमट्याने उचलायचे, दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचे आणि देठाला शिवणाचा रंगीत दोरा बांधायचा. दोऱ्याचा रंग म्हणजे बापाचं नाव. दीड महिन्याने बोंड तडकतं, आत काळं चकचकीत बी निघतं. ते पेरल्यापासून पहिलं फूल बघायला अडीच वर्षं लागतात. आवडलं तर ठेवायचं, नाही तर खताच्या खड्ड्यात.

आम्हाला हवी होती लवकर फुलणारी लिली. नव्वदीच्या दशकात ओतूरला एप्रिलच्या शेवटी फुलं यायची आणि अंगण पिवळंधमक व्हायचं. मग उन्हाळे बदलले. एप्रिलमध्ये पारा त्रेचाळीसवर जाऊ लागला आणि कळ्या दांड्यावरच भाजून निघू लागल्या. २०३६ नंतर आमच्याकडे एकही धड फूल उमललं नाही. ज्या रोपांना थोडं आधी फूल येतं त्यांचाच एकमेकांशी संकर करत जायचं, एवढाच मार्ग होता. बावीस वर्षांत आम्ही अकरा दिवस मिळवले होते. दिनकर २०३१ साली गेले. उन्हाळ्याच्या आधी फुलायचं तर अजून साठ दिवस हवे होते. हा हिशेब कुणालाही तोंडी करता येईल. मला तेवढं आयुष्य नव्हतं.

माझ्या बहिणीची मुलगी मृण्मयी पुण्याला एका वनस्पती-प्रयोगशाळेत होती. २०३८च्या फेब्रुवारीत ती आली ती हातात थर्मास घेऊन. मला वाटलं चहा आणलाय. त्यात बर्फ होता आणि बर्फात करंगळीएवढ्या सहा कुप्या.

"मावशी, झाडाला फूल कधी यायचं ते पानं ठरवतात, माहितीय ना?"

"मला शिकवतेस?"

"ऐक तर. थंडी पुरेशी झाली, दिवस मोठा झाला, झाडाचं वय झालं, हे सगळं जमलं की पानात एक प्रथिन तयार होतं. ते देठातून शेंड्याला जातं आणि सांगतं, आता पानं पुरे, कळी काढ. आम्ही तो निरोप एका विषाणूत बसवलाय. पानावर घासला की विषाणू झाडभर फिरतो आणि निरोप पोचवतो. थंडी नको, वय नको. चार पानांचं रोप फुलतं."

"आणि हा विषाणू माझ्या बागेत सोडायचा?"

"तो पांगळा आहे. एका झाडातून दुसऱ्यात जायला विषाणूला किडीची पाठ लागते, आणि कीड त्याला त्याच्या कवचावरून उचलते. ते कवच बनवायची सोय आम्ही काढून टाकलीय. ज्या झाडात घातला त्या झाडातच राहील."

मी एक कुपी उचलून उजेडात धरली. तिने विचारलं, "किती दिवसांत फूल बघायचंय तुला?"

"अडीच वर्षांच्या ऐवजी?"

"नव्वद दिवस, बोंड पिकायचा वेळ धरून. वर्षाला चार पिढ्या." मग ती आवाज खाली करून म्हणाली, "हे मी न विचारता आणलंय. परवानगीलाच दोन वर्षं गेली असती. लहानपणापासून तुझं दोरे बांधणं बघत आलेय गं मी. फक्त एक, जाळीबाहेर एकही रोप जाऊ द्यायचं नाही. एकही."

"माझी रोपं कुठं फिरायला जातात," मी म्हणाले.

मे महिन्यात, बाहेर पत्रा तापून कडकड वाजत असताना, जाळीत ओल्या पोत्यांच्या आडोशाला, वीतभर रोपाला दांडा आला. फूल रुपयाएवढं होतं, पण फूल होतं. मी पराग घेतले, दोरे बांधले, बी धरलं, पुन्हा पेरलं. पहिल्या दोन पिढ्यांना कुपीतलं औषध लावलं. तिसऱ्या पिढीला मुद्दाम लावलं नाही, तरी ती नव्वद दिवसांत फुलली. चौथीही फुलली, तीही ऐन संक्रांतीच्या दिवसांत. मी एकटी जाळीत उभी राहून टाळ्या वाजवल्या. औषध न लावता फुलतायत, म्हणजे लवकर फुलायचा गुण रक्तात उतरला, माझी निवड फळाला आली, असं मी धरून चालले. विषाणू बियातून पुढे गेला असेल, हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. एकदा आलं होतं. मी ते बाजूला सारलं. बावीस वर्षं वाट बघितलेल्या बाईला आपलं यश औषधाच्या नावावर टाकवत नाही.

आता गोदाबद्दल सांगते. गोदावरी डुंबरे, भिंतीपलीकडची माझी शेजारीण. एक्केचाळीस वर्षांचा शेजार. वयानेही आम्ही बरोबरीच्या. तिच्याकडे कांद्याचं बी होतं, तिच्या सासूच्या हातचं. फिक्या गुलाबी सालीचा, बारीक मानेचा कांदा. साठवणीच्या चाळीत टाकला तर दिवाळीपर्यंत कोंब फुटायचा नाही. तीन तालुक्यांतून लोक ते बी न्यायला यायचे. दरवर्षी निघालेल्या ढिगातून गोदा हाताने दोनशे कांदे निवडायची. एका डोळ्याचे, म्हणजे आतून एकच कोंब निघेल असे, घट्ट, बारीक मानेचे. ते पुन्हा लावायची, त्यांना गोंडे यायचे, गोंड्यांतून बी. कांद्याचं बी म्हणजे गव्हासारखं नव्हे. वर्षभर बरं उगवतं, मग त्याचा जीव जातो. म्हणून हे दरवर्षी करावंच लागतं. एक वर्ष खाडा पडला की जात संपली. गोदाच्या घरात साठ-सत्तर वर्षांत खाडा पडला नव्हता. दुष्काळातही तिच्या सासूने न्हाणीचं पाणी घालून गोंडे वाढवले होते.

दिनकर गेल्यावर मी संक्रांतीचं हळदीकुंकू बंद केलं होतं. गोदानेच ते पुन्हा सुरू करायला लावलं. "नवरा गेला, हात नाही ना गेले? लाव कुंकू सगळ्यांना," म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे विधवाही यायच्या आणि कुणी कुणाकडे वळून बघत नसे.

त्या वर्षी गोदा भिंतीवरून ओरडली, "पमे, यंदा काय लुटणारेस? मागल्या वर्षी चहाच्या गाळण्या दिल्यास. माझ्या सुनेनं त्यातून रवा चाळला आणि गाळणीचा तळच गेला."

"यंदा बघशील."

"प्लॅस्टिकचा डबा दिलास तर तुझ्या अंगणात फेकीन हां."

मी मातीच्या दह्याच्या वाडग्यांत एकेक लिलीचं रोप लावलं. कळीसकट. सवाष्ण असो, विधवा असो, प्रत्येकीच्या हातात एकेक दिलं. एकतीस बायका. रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी पिवळी फुलं घेऊन बायका आमच्या गल्लीतून बाहेर पडल्या तेव्हा मी फाटकात उभी होते. मृण्मयीचं बोलणं मला आठवत होतं. पण ही रोपं औषधाची नाहीत, माझी आहेत, असं मी मनाशी म्हटलं. आणि वाणात आपल्या हातचं द्यावं असं कोणत्या बाईला वाटत नाही?

गोदाने तिचं रोप भिंतीच्या कडेला लावलं, कांद्याच्या वाफ्याला लागून.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला तिने मला बोलावलं. "जरा ये गं. हे काय ते बघ."

तिच्या वाफ्यात कांद्याला डेंगळे आले होते. कांदा पोसायच्या आधीच मधून फुलाचा दांडा निघतो त्याला आमच्याकडे डेंगळा म्हणतात. दांडा आला की खाली कांदा धरत नाही, नुसता पोकळ दांडाच पोसतो. जास्त थंडी पडली तर शंभरात चार-पाच येतात. तिच्या वाफ्यात निम्म्यांना आले होते. रोपं अंगठ्याएवढीसुद्धा जाड नव्हती.

"थंडी तर यंदा पडलीच नाही," गोदा म्हणाली. "सासूबाई असत्या तर मला झोडपलं असतं. बी बिघडलं की काय माझं?"

मी एक पात उलटी केली. पातीच्या बेचक्यात थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, होते, तिळाच्या तुसासारखे. कांद्यावर ते असतातच. पण वाफ्याच्या कडेला माझी लिली उभी होती आणि तिच्या कळीतही तेच किडे होते. मी पात पुन्हा सरळ केली.

"थंडीमुळेच असेल," मी म्हणाले. "पहाटे पडत असेल, आपल्याला कळत नसेल."

घरी येऊन मी मृण्मयीला फोन केला. ती सतरा तारखेला आली. तिच्याजवळ कागदाच्या पट्ट्या होत्या, पानाचा रस लावला की विषाणू आहे का ते सांगणाऱ्या. माझ्या चौथ्या पिढीच्या रोपांवर पट्टी लाल झाली. गोदाचं लक्ष नसताना भिंतीवरून हात घालून आणलेल्या कांद्याच्या पातीवरही लाल झाली. जुन्या रोपांवर मृण्मयीने आणखी एक पट्टी लावली, वेगळ्या रंगाची. मग ती वाफ्याच्या कडेवर बसली.

"तुझ्या जुन्या रोपांत दुसराच एक विषाणू आहे, मावशी. साधा, झाडाला काही न करणारा. बंगळूरहून आला असेल. तुम्ही मुळं फोडत गेलात, तो तुकड्यातुकड्यांतून पुढे आला."

"मग?"

"आमच्या पांगळ्याला कवच नव्हतं. ह्या जुन्याकडे आहे. थ्रिप्सनी ह्याला तुझ्या नव्या रोपांत नेलं, एकाच झाडात दोघं राहिले आणि पांगळ्याने जुन्याचं कवच घातलं. आता थ्रिप्स त्याला उचलतात. लिली आणि कांदा तसे लांबचे भाऊबंदच, कांद्यात तो आरामात शिरला. लसणात शिरेल. निशिगंधात शिरेल." तिने पट्ट्या गोळा केल्या. "आणि तो बियात जातो. म्हणजे यंदा धरलेलं कांद्याचं बी कुठलंही खरं नाही. मागच्या वर्षीचं जे असेल तेवढंच शुद्ध. कुणाकडे असेल तर ते बंद डब्यात गारठ्यात ठेवायला हवं. जमिनीत अजिबात जाता कामा नये."

गोदाकडे होतं. दर वर्षी ती शेरभर बी मागे ठेवायची, पत्र्याच्या डब्यात, राखेत घालून. मला डबा माहीत होता, फळी माहीत होती.

"आजच कळवायला हवं," मृण्मयी म्हणाली. "कृषी खात्याला, त्या एकतीस बायकांना. माणसं येतील आणि इथलं पान न् पान जाळतील."

मी तिला सात नंबरच्या वाफ्याकडे नेलं. तिथे एक रोप होतं, हिरव्या दोऱ्याचं. औषध यायच्या दोन वर्षं आधीचं बी, दिनकरांनी शेवटी केलेल्या संकराच्या पोटचं. त्याला मी कुपीतलं काही लावलं नव्हतं. आणि फेब्रुवारीत त्याने दांडा काढला होता, आपल्या आपण. मृण्मयीने त्याच्या पानाचा रस पट्टीला लावला. पट्टी पांढरीच राहिली.

"हे खरं आहे," मी म्हणाले. "हे एकच खरं आहे. नऊ-दहा दिवसांत उमलेल. मला फक्त पराग घेऊ दे. कॅपसूलमध्ये भरून फ्रीजमध्ये राहतात. पुढे कधी स्वच्छ झाड मिळालं की लावता येतील. मग सगळं जाळा, मलाही जाळा."

"मावशी, नऊ दिवस फार होतात."

"बावीस वर्षांत नऊ दिवस?"

तिने पट्टी दुमडून खिशात घातली. मग म्हणाली, "मलाही तिकडे थोडी आवराआवर करायला लागेल. कुप्या कुठे गेल्या ते विचारतील." आणि "बरं" म्हणाली. फार लवकर म्हणाली. तिला मी नको म्हणायला लावायला हवं होतं, किंवा तिने मला. आम्ही दोघींनी एकमेकींना सोडून दिलं.

एकवीस तारखेला सकाळी भिंतीपलीकडून ट्रे मांडल्याचा आवाज आला. गोदा त्यांत कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा, भरत होती. शेजारी तो पत्र्याचा डबा, झाकण उघडं.

"काय करतेस?" मी विचारलं.

"यंदाचं सगळं डेंगळ्यात गेलं बघ. गोंडे लावलेत तिकडेही काही खरं दिसत नाही. म्हणून मागचं बी टाकते. छोटे कांदे तरी होतील, ते पावसाळ्यात लावीन. जात हातची जायला नको." तिने बी तळहातावर घेऊन फुंकर मारली, राख उडाली. "तुझ्या जाळीची सावली इथं पडते म्हणून इथंच मांडते, चालेल ना?"

"चालेल."

"सगळं टाकू, का मूठभर ठेवू?"

मी भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिले.

"अगं विचारतेय. तू शिकलेली."

"तुझं तू बघ गोदा."

"ठेवून तरी काय करू? पुढल्या वर्षी उगवायचं नाही." तिने डबा उपडा केला, तळावर दोनदा थोपटलं. "तो झारा दे जरा तुझा, बारीक भोकांचा. माझ्या झाऱ्याने बी वाहून जातं."

मी झारा दिला नाही. मी स्वतः भिंतीला वळसा घालून गेले आणि पाणी घातलं. सहा ट्रे. एका ट्रेवर पाणी जास्त सांडलं म्हणून गोदा म्हणाली, "म्हातारी झालीस पमे." एक वाक्य बोलायचं होतं. कोकोपीटमधून बी पुन्हा वेचता आलं असतं, दोघी बसून संध्याकाळपर्यंत वेचलं असतं. सव्वीस तारीख अजून पाच दिवसांवर होती आणि हिरव्या दोऱ्याच्या रोपाची कळी त्या दिवशी पिवळी पडायला लागली होती.

सव्वीसला ती उमलली. साडेसहा वाजता मी गेले तेव्हा पाकळ्या निम्म्या सुटल्या होत्या. ओंजळीएवढं फूल, हळदीच्या पाण्याचा रंग, गळ्याशी हिरवट. दिनकरांनी जसं कागदावर काढून दाखवलं होतं तसंच. मी सहाही पुंकेसर काढले, सावलीत वाळवले, कॅपसूलमध्ये भरले, वर चिठ्ठी लावली. दिवसभर त्या फुलाजवळ स्टूल टाकून बसले. संध्याकाळी ते मिटलं. आणि मग मी वाणाच्या बायकांना एकेकीला फोन करायला घेतले.

"वहिनी, ते रोप काढून टाका. मुळासकट. पिशवीत बांधा."

"का हो? किती छान फुललंय!"

"रोगट आहे."

"अगंबाई! मी तर त्यातला एक कोंब नणंदेला दिला, संगमनेरला."

दुसरीने लेकीला नाशिकला पाठवलं होतं. तिसरीने देवळाच्या बागेत लावलं होतं, तिथून कुणीतरी उपटून नेलं होतं. आमच्या बायकांना रोप एकटीने ठेवता येत नाही. एकतिसांपैकी अकरांकडेच ते वाणातलं रोप जसंच्या तसं होतं. बाकीची कुठे कुठे गेली याची यादी करायला पुढे खात्याच्या माणसांना दोन महिने लागले आणि ती पुरी झाली नाहीच.

गोदाला मी फोन केला नाही. तिच्याकडे जायला मला आणखी काही दिवस लागले. तोवर माझी बाग जाळून झाली होती आणि गावाला अर्धंमुर्धं कळलं होतं. तिची सून सारिका दार उघडून बाजूला झाली. गोदा परसात ट्रेपाशी बसली होती. बी उत्तम उगवलं होतं, एकही दाणा फुकट गेला नव्हता. सुईएवढ्या पाती. अजून त्यांना काही झालेलं दिसत नव्हतं. पण खात्याच्या माणसांनी पट्ट्या लावून बघितल्या होत्या आणि सहाही ट्रेवर लाल खूण केली होती.

"बस," ती म्हणाली. मी बसले नाही.

"गोदा, ते माझ्यामुळे झालं. रोपातून."

"ते मला कळलंय. वाण देताना तुला माहीत नव्हतं, असं सारिका म्हणते."

"नव्हतं."

"मग बस की. चुकतं माणूस." तिने एक पात उपटून बोटांत फिरवली. "मला एवढंच सांग, कळलं कधी तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. सव्वीस म्हटलं असतं तर जन्मभर तिने मला चहा पाजला असता.

"सतरा तारखेला," मी म्हणाले.

गोदा बोटांवर मोजत नव्हती. तिला मोजायची गरज नव्हती. ती ट्रेकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "एकवीसला मी बी टाकलं. तू पाणी घातलंस."

"हो."

"मी विचारलं तुला, मूठभर ठेवू का."

"हो."

"कशासाठी गं?"

"एक फूल उमलायचं होतं."

ती हसली. खरंच हसली, मला वाटतं तिला आधी समजलंच नाही. मग तिने सारिकाला हाक मारली आणि म्हणाली, "हिला फाटकापर्यंत सोड. म्हातारी झालीय, पडेल कुठेतरी."

आठवड्याने त्या सुईएवढ्या रोपांना चौथं पान फुटलं आणि चौथ्या पानातून दोऱ्यासारखे दांडे निघाले. टोकाला राईएवढी, वांझ फुलं. सारिकाने ते ट्रे खात्याच्या गाडीत ठेवले.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. पुढच्या हंगामात जुन्नर आणि संगमनेरला डेंगळे आले, त्याच्या पुढच्या वर्षी नाशिककडे. लसूण गेला, निशिगंध गेला. आता कांदा बंद इमारतींत दिव्याखाली होतो आणि दोन-दोनच्या पाकिटांत मिळतो. तो लवकर सडतो आणि चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही. माझी पणती पातीला 'कांद्याचं झाड' म्हणते, चित्रातलं बघून.

मृण्मयीने स्वतःहून सगळं लिहून दिलं. तिची नोकरी गेली, खटला चार वर्षं चालला, शिक्षा झाली नाही. ती आता डेहराडूनला मुलांना गणित शिकवते. मला दिवाळीला फोन करते. झाडांचं आम्ही बोलत नाही. कवच काढलं की विषाणू सुरक्षित, असं समजून ज्यांनी तो बनवला होता त्यांनी नंतर तसे सगळे प्रयोग थांबवले.

सारिकाने कांद्याची जमीन विकली नाही. तिथे ती ज्वारी करते. ज्वारीचं बी तिने बाहेरून आणलं.

मला दंड झाला तो भरला. परसाची माती दोन हात खोल खणून नेली, तिथे आता फरशी आहे. मुलगा ठाण्याला ये म्हणतो. मी पंच्याऐंशी वर्षांची आहे, ओतूर सोडलं नाही. परागाच्या कॅपसूल मी लपवल्या नाहीत. तपासायला दिल्या. त्यात विषाणू निघाला. पट्टी पांढरी राहिली तेव्हा तो नुकताच शिरला असेल, त्या पट्टीला दिसण्याइतका वाढला नसेल, असं कळवलं. तेव्हा हिरव्या दोऱ्याचं रोप आपल्या वेळेने फुललं होतं की त्या निरोपाने, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

गोदा माझ्याशी सात वर्षं बोलली नाही. भिंतीवरून दिसली तर मान वळवायची नाही, नुसती बघायची आणि कामाला लागायची. आठव्या वर्षी तिला विसर पडायला लागला. आधी वार, मग माणसं. एकदा मार्चमध्ये, ऊन चढत असताना, तिने भिंतीपलीकडून हाक मारली, "पमे! अगं पमे!" मी धावत गेले. अंगणात तिने पांढरं धोतर पसरलं होतं, चारी कोपऱ्यांवर दगड.

"बी उन्हात घातलंय," ती म्हणाली. "जरा बसशील का? चिमण्या फार झाल्यात. मी आलेच भाकरी टाकून."

धोतरावर काही नव्हतं. सारिका दारात उभी होती, तिने मला मानेने नको म्हणून खुणावलं, म्हणजे काही बोलू नका असं. मी बसले. गोदा आत गेली आणि तशीच झोपली. मी ऊन कलेपर्यंत बसून होते. एकदोनदा चिमण्या उतरल्या, मी त्यांना हाकललं. पाच वाजता सारिका आली, आम्ही दोघींनी धोतराची चार टोकं उचलली आणि नीट, मधोमध गोळा होईल असं, दुमडून गोदाच्या उशाशी नेऊन ठेवलं. जूनमध्ये गोदा गेली.